विम्याचा पेशा आणि वऱ्हाडचे पदवीधर

अमरावती-अकोल्याचे पदवीधर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत उमेदीची वर्षे घालवितात. विम्याचे नाव काढताच मात्र नाक मुरडतात. विमा म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांच्या दारी पॉलिसी घेऊन हिंडणे, अशी त्यांची समजूत. आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. आयुर्विमा महामंडळाने डिसेंबर 2024 मध्ये 'विमा सखी' योजना काढून दहावी उत्तीर्ण स्त्रियांस दरमहा 7,000 रुपये विद्यावेतन देऊ केले. खेड्यातील सुनेस दार उघडले, हे स्तुत्यच. परंतु तिसऱ्या वर्षी ते 5,000 वर उतरते. पुढे उरते ते कमिशन.

वऱ्हाडात विम्याचा खरा प्रश्न कपाशी, तूर आणि सोयाबीनचा आहे. एक रुपयातील पीकविमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला, आणि त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगांवर बेतली गेली. महसूल मंडळातील मोजक्या वावरांतले वजन फुगले, की साऱ्या गावांचा हक्क बुडतो! हे काम जाणणारे कृषी पदवीधर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून दरवर्षी बाहेर पडतात. कंपन्यांनी त्यांस हंगामापुरते न बोलाविता कायम वेतनावर नेमावे, आणि शासनाने निविदेतच तशी अट घालावी.