तीन तास कोण मोजतं?

विमा नियामक इर्डाने २९ मे २०२४ रोजी आरोग्यविम्याचं मोठं परिपत्रक काढलं. मी ते वाचलंय, आणि कागद म्हणून त्यात खोट काढायला फारशी जागा नाही. कॅशलेसची मंजुरी तासाभरात. घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे, तेही भागधारकांच्या निधीतून. कंपनीच्या समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळायचा नाही. हैदराबादच्या कचेरीत रुग्णाच्या नातेवाइकांचा एवढा विचार झाला, याचं मला कौतुकच वाटलं.

मग आईला एका हॉस्पिटलातून घरी आणायची वेळ आली. डॉक्टरांनी सकाळच्या राउंडलाच सांगितलं, घेऊन जा. दुपारी इन्शुरन्स डेस्कवर विचारलं, तर बिलिंगकडून फाइल यायची होती. बिलिंगवाले म्हणाले, फार्मसीचा क्लिअरन्स बाकी आहे. फाइल गेली संध्याकाळी आणि रात्री टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली: पेशंटला बीपी नेमकं कधीपासून? दाखल करताना भरलेल्या फॉर्मवर हे लिहिलेलंच होतं. मी तीन तासांच्या नियमाचं नाव काढलं. डेस्कवरची मुलगी थंडपणे म्हणाली, “सर, तीन तास फाइल पोचल्यापासून. आणि क्वेरी आली की पुन्हा पहिल्यापासून.”

पहिलं वाक्य तिचं बरोबरच होतं. मेख नियमातच आहे. वेळ सुरू होते ती हॉस्पिटलची विनंती कंपनीकडे पोचल्यावर; डॉक्टरांनी ‘जा’ म्हटल्यावर नव्हे. सकाळपासूनचे तास कुणाच्याच खात्यात नाहीत. दुसरं वाक्य तिला कुणी पढवलं, ते मात्र कंपनीला विचारायला हवं. त्या रात्रीचं खोलीभाडं आमच्या बिलात आलं आणि आम्ही मुकाट्याने भरलं. परत मागायचं तर उशीर कंपनीचा होता हे आम्हीच सिद्ध करायचं, आणि वेळेच्या नोंदी हॉस्पिटलच्या आणि टीपीएच्या कॉम्प्युटरवर.

माझा राग इथेच आहे. नियम ग्राहकाच्या बाजूने करायचा आणि तो राबवायचं काम ग्राहकाच्याच गळ्यात मारायचं, ही आपल्या नियामकांची जुनी खोड. आधी कंपनीकडे तक्रार करा, महिनाभर थांबा, मग लोकपालाकडे जा. खोलीच्या एका दिवसाच्या भाड्यासाठी एवढी पायपीट कोण करतो? कुणी करत नाही, हे कंपन्यांना तोंडपाठ आहे. इर्डाच्याच २०२३-२४ च्या अहवालात कंपन्यांनी मान्य न केलेल्या आरोग्यविमा दाव्यांची रक्कम १५ हजार कोटींच्या घरात आहे. त्यातले काही खरोखरच खोटे असतील, मान्य. पण सगळे?

आणि हे सांभाळायचं कुणी? इर्डाचे अध्यक्ष देबाशिष पांडा मार्च २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी अजय सेठ यांची नेमणूक जाहीर व्हायला जुलैची अखेर उजाडली. निवृत्तीची तारीख आधीपासून कॅलेंडरात असते, तरी चार महिने अध्यक्षाविना. एखाद्या विमा कंपनीने सीईओची खुर्ची अशी ठेवली असती, तर इर्डानेच नोटीस धाडली असती.

दरम्यान सरकारचा उत्साह ओसंडतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. चांगलंच झालं. पण त्यासोबत कंपन्यांचं इनपुट टॅक्स क्रेडिटही गेलं, आणि तो खड्डा त्या स्वतःच्या खिशातून भरतील असं ज्याला वाटतं, त्याने पुढच्या नूतनीकरणाची नोटीस नीट वाचावी. वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढीसाठी इर्डाला आधी विचारायचं, हे बंधन फक्त ज्येष्ठांच्या प्रीमियमला आहे. पन्नाशीतल्या माणसाचा वाली कोण? डिसेंबरात संसदेने विमा कंपन्यांत परदेशी गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के केली. कायद्याचं नाव ‘सबका बीमा सबकी रक्षा’. नावात रक्षा आहे, एवढं खरं. भांडवल कुठूनही येवो, माझं काही म्हणणं नाही. पण ते येणार धंदा करायला, आणि धंद्याला वचक लागतो.

वचक बसवणं अवघड नाही. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्याची, फाइल पाठवल्याची आणि मंजुरीची अशा तिन्ही वेळा रुग्णाच्या मोबाइलवर आल्याच पाहिजेत. उशिराचे पैसे न मागता बिलातून वजा व्हावेत. कोणती कंपनी किती वेळ लावते, हे इर्डाने दर तिमाहीला नावानिशी छापावं. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी भांडवल लागत नाही.

तोवर, वाचकहो, डिस्चार्जच्या दिवशी डेस्कवर फाइल कंपनीकडे किती वाजता गेली ते लेखी मागा. क्वेरी आली तर तीही लेखी घ्या. जादा भाडं लागलं तर कंपनीला ईमेल टाका आणि तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.