स्प्रंकी: गोंडस कार्टून, काळी टोपी आणि जाहिरातींचा बाजार; मुलं खेळतायत तो गेम नेमका काय आहे?

स्क्रीनवर रंगीबेरंगी कार्टून ओळीत उभी असतात आणि खाली चित्रांची पट्टी असते. त्यातलं एक चित्र उचलून कार्टूनवर टाकलं की ते ठेका धरतं. दुसरं गुणगुणतं, तिसरं मध्येच विचित्र आवाज काढतं. पाच मिनिटांत गाणं तयार! मग कुणीतरी काळ्या टोपीचं चित्र टाकतं. स्क्रीनवर अंधार होतो, त्याच कार्टूनचे चेहरे विद्रूप होतात, रक्त दिसतं आणि गाणं भेसूर वाजू लागतं.

या गेमचं नाव स्प्रंकी. तो ब्राउजरमध्येच चालतो, डाउनलोड करावा लागत नाही. 2024 च्या शेवटापासून यूट्यूबवर त्याच्या व्हिडिओंचा पूर आलाय. त्यामुळे अनेक पालकांना प्रश्न पडलाय, हे नक्की आहे तरी काय?

मूळ गेम कुणाचा?

स्प्रंकीचं मूळ आहे इन्क्रेडिबॉक्स. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या ‘सो फार सो गुड’ या छोट्या कंपनीने तो 2009 मध्ये आणला. सात पात्रं आणि बीटबॉक्सिंगचे आवाज, एवढीच त्याची साधी कल्पना. 2020 मध्ये आलेल्या त्याच्या एका आवृत्तीचं नाव तर चक्क ‘जीवन’ आहे आणि तिचा बाज भारतीय संगीताचा आहे.

स्प्रंकी मात्र या कंपनीने बनवलेला नाही. तो आहे ‘मॉड’, म्हणजे एखाद्या गेमच्या चाहत्याने त्याच धर्तीवर स्वतः बनवलेली आवृत्ती. एका तरुण चाहत्याने ऑगस्ट 2024 मध्ये तो स्क्रॅचवर टाकला. मुलांना ब्लॉक जोडून कोडिंग शिकता यावं म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये स्क्रॅच सुरू केलं. तिथे कोणत्याही प्रोजेक्टचं कोड उघडून बघता येतं आणि ‘रिमिक्स’चं बटण दाबून स्वतःची आवृत्ती बनवता येते. एका स्प्रंकीचे असंख्य स्प्रंकी झाले, त्यात या बटणाचा मोठा वाटा आहे.

संगीत न शिकता गाणं जमतं कसं?

इथे काहीही बेसूर होऊ नये, अशी सोय आधीच करून ठेवलेली असते. प्रत्येक आवाज म्हणजे काही सेकंदांचा तुकडा असतो आणि तो पुन्हा पुन्हा वाजतो. सगळ्या तुकड्यांची लय एक, सूर जुळणारे आणि लांबी एकमेकांत बसणारी. त्यामुळे कोणतंही चित्र कधीही टाकलं, तरी ते पुढच्या आवर्तनात बरोबर समेवर येतं.

म्हणूनच सहा वर्षांच्या मुलालाही ‘मी गाणं बनवलं’ असं वाटतं. खरं तर त्याने फक्त थर रचलेले असतात. पण ठेक्यावर सूर कसा बसतो, एक आवाज काढला की गाणं कसं बदलतं, हे कानाला कळायला लागतं. हेही कमी नाही. जो मुलगा स्वतःचा मॉड बनवतो, तो आवाज रेकॉर्ड करणं, पात्रं रंगवणं आणि कोड लिहिणं असं बरंच काही शिकतो.

मग भीती कशाला?

गोंडस पात्रं अचानक भयानक होणं ही युक्ती जुनीच आहे. 2014 मध्ये आलेल्या ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’ने ती लोकप्रिय केली. मोठ्या मुलांना त्यात थरार वाटतो. अडचण होते ती लहानांची. चित्रं त्यांच्या वयाची दिसतात, म्हणून पालकही निर्धास्तपणे फोन हातात देतात. पण टोपीच्या पलीकडचं सगळं त्यांच्या वयाचं नसतं.

स्क्रॅचच्या नियमांनुसार तिथला मजकूर सर्व वयोगटांना चालणारा हवा. गेम तिथून बाहेर पडून दुसऱ्या वेबसाइटवर गेला की हा लगाम सुटतो.

पैसा कुणाच्या खिशात?

स्प्रंकी सर्च केल्यावर नावात ‘स्प्रंकी’ असलेल्या ढीगभर वेबसाइट दिसतात. त्यातल्या अनेक साइट गेमच्या चारही बाजूंना जाहिराती लावतात. गेम बनवतो चाहता, चकटफू. जाहिरातीचे पैसे मात्र जातात साइट चालवणाऱ्याला.

स्क्रॅचवरचं काम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतं. ते कुणीही वापरू शकतं, पण मूळ कर्त्याला श्रेय देणं आणि नवीन कामही त्याच परवान्याखाली खुलं ठेवणं बंधनकारक आहे. नक्कल करणाऱ्या साइटवर हे श्रेय शोधून पाहा. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येकजण ‘मूल’ आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवायला हा कायदा मनाई करतो. पण परदेशात बसून, मालकाचं नाव न सांगता चालणाऱ्या साइटवर तो लागू करायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

पालकांनी काय करायचं?

गेमवर सरसकट बंदी घातली, तर मूल तो मित्राच्या फोनवर खेळेल. त्यापेक्षा एकदा त्याच्यासोबत बसून खेळा आणि काळी टोपी स्वतः टाकून बघा. मग तुमच्या मुलाला हे झेपेल का, ते ठरवा. साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर नाही म्हणा. एपीके फाइल डाउनलोड करायला सांगितलं तर ती साइट बंदच करा.

आणि मूल खरंच रमलं असेल, तर त्याला थेट स्क्रॅचवर न्या. ते मोफत आहे आणि तिथे जाहिराती नाहीत. कुकरची शिट्टी, ढोलकीचा ठेका, आजीची हाक असे घरातलेच आवाज रेकॉर्ड करून त्याला स्वतःची पात्रं बनवता येतील. स्प्रंकीची सुरुवातही अशीच एका चाहत्याच्या हौसेतून झाली होती.