फॅक्स नंबर छापलाय, पण फॅक्स कुठाय?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. आज हे आमच्या गल्लीत झालंय, उद्या तुमच्या घरात होईल.

गेल्या महिन्यात आमच्या शुक्रवार पेठेतल्या एक मावशी पत्र घेऊन माझ्याकडं आल्या. वय सत्तरच्या पुढं. नवरा सरकारी खात्यात शिपाई होता, वारला. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फरकाचे पैसे अडकलेत. पत्र पुण्याच्या एका कार्यालयाचं. मजकूर असा की, सोबतचा तीन पानी नमुना भरून, सही-शिक्क्यासह, सात दिवसांत फॅक्सने अथवा समक्ष सादर करावा, नाहीतर प्रकरण बंद. पत्र त्यांच्या हातात पडलं तेव्हा सातातले चार दिवस गेलेले.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुझ्याकडं ती कागद पाठवायची मशीन हाय न्हवं? तेवढं पाठव की."

मशीन आहे. वीसेक वर्षं जुनी, पण चालू. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी बातमीदारी सुरू केली तेव्हा आमचं सगळं फॅक्सवरच चालायचं. आठवतं का, पिवळी पाटी, त्यावर एसटीडी, आयएसडी, पीसीओ, फॅक्स, झेरॉक्स? रात्री दर कमी झाले की बातमीचे कागद घेऊन त्या बूथवर उभं राहायचं. बातमी गेली की मशीन एक चिठ्ठी ओकायची. तारीख, वेळ, किती पानं, आणि पुढं 'ओके'. ती चिठ्ठी खिशात असली की पुण्याचा उपसंपादक "बातमी आलीच नाही" म्हणू शकत नव्हता.

तर मावशींचे कागद लावले, नंबर फिरवला. पलीकडून ती ओळखीची किंचाळी आली. बरं वाटलं. पहिलं पान अर्धं गेलं आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. नऊ वेळा. चिठ्ठीवर नऊ वेळा 'कम्युनिकेशन एरर'.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडची तांब्याची तार काढून वर्ष झालं. आता फायबर आहे. टेबलावरचा फोन तोच, नंबर तोच, पण आवाज जातो इंटरनेटच्या वाटेनं. कंपनीचा माणूस बसवायला आला तेव्हा मी विचारलं होतं, फॅक्स चालेल ना? म्हणाला, "सगळं चालतंय सर, आधीपेक्षा भारी."

कस्टमर केअरला फोन केला. पहिल्या मुलीनं राउटर बंद-चालू करायला सांगितलं. दुसऱ्या मुलानंही तेच. तिसऱ्यानं विचारलं, "सर, फॅक्स म्हणजे नेमकं काय?" मी त्याच्यावर चिडलो नाही. पोराचं वय बावीस असेल. त्याला त्याच्या कंपनीनं शिकवलंच नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे.

शेवटी दुकानांची, हॉस्पिटलांची इंटरकॉम यंत्रणा बसवणारा एक ओळखीचा पोरगा आला. त्यानं जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो. कारण "नेटवर फॅक्स चालत नाही" असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात, आणि ते अर्धसत्य आहे.

नेटवरच्या फोनमध्ये आपल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा. एखादा वाटेत हरवला, एखादा उशिरा आला, तरी आपला कान सांभाळून घेतो. "हॅलो"तला थोडा भाग गळाला तरी आपल्याला हॅलोच ऐकू येतो. फॅक्स मशीनला कान नाहीत. ते पानावरचा काळा-पांढरा मजकूर सुरांत बदलून पाठवतं, सेकंदाला १४,४०० बिटपर्यंत. त्यातला एक तुकडा हरवला की पान बिघडतं, नाहीतर लाइनच तुटते. त्यात जागा वाचवायला आवाज दाबून पाठवायची पद्धत लावलेली असली तर विषयच संपला. जी.७२९ नावाची पद्धत माणसाचा आवाज सेकंदाला ८ हजार बिटांत बसवते. बसवताना माणसाच्या बोलण्यासारखं नसेल त्याची वाट लावते. फॅक्सचे सूर तिथंच मरतात. न दाबता, जी.७११ पद्धतीनं ६४ हजार बिटांत पाठवले तर लाइन चांगली असल्यास फॅक्स जातो, पण भरवसा नाही.

मग याला उपाय नाही का? आहे, आणि जुना आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं १९९८ सालीच त्यासाठी टी.३८ नावाचं मानक काढलं. त्यात सूर पाठवतच नाहीत. आपल्या बाजूचा डबा फॅक्सचे सूर ऐकतो, ओळखतो, त्यातली पानाची माहिती काढतो आणि तीच नेटवरून पाठवतो. प्रत्येक तुकड्यासोबत मागच्या तुकड्यांच्या प्रतीही जोडता येतात, म्हणजे एखादा हरवला तरी पुढच्यात तो सापडतो. पलीकडचा डबा त्याचे पुन्हा सूर करून मशीनला देतो. मशीनला वाटतं, आपण तांब्याच्या तारेवरच बोलतोय.

अट एकच. हे आपल्या डब्यात चालू पाहिजे, कंपनीच्या यंत्रणेत चालू पाहिजे आणि पलीकडंही. मधल्या एकानं जरी "मला नाही माहीत" म्हटलं की गाडी पुन्हा सुरांवर येते.

पोरानं माझ्या डब्याची सेटिंग उघडून बघितली. टी.३८चा पर्याय होता. बंद करून ठेवलेला. चालू करायला गेला तर पासवर्ड कंपनीकडं. मग त्यानं हातातलं केलं. मशीनचा वेग १४,४०० वरून ९,६०० वर आणला, चुका दुरुस्त करायची सोय बंद केली. दोन पानं गेली. तिसरं अडकलं. आणि सही-शिक्का नेमका तिसऱ्या पानावर.

पुण्याला फोन लावला. म्हटलं, स्कॅन करून ईमेल करतो. उत्तर आलं, "ईमेल चालणार नाही. सही-शिक्का दिसला पाहिजे." आता मला सांगा, फॅक्समध्ये काय ओली शाई जाते का? तोही कागदाचा फोटोच. उलट मोबाइलवर काढलेला फोटो फॅक्सपेक्षा दहापट स्वच्छ. पण नियमाच्या कागदावर फॅक्स लिहिलंय, ईमेल लिहिलेलं नाही.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. कंपनी फॅक्स चालू देईना, कार्यालय ईमेल घेईना.

सहाव्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालो. मावशी, त्यांचा मुलगा आणि मी. मुलगा यंत्रमागावर कामाला. जेवढं काम तेवढा पगार, म्हणजे त्याचा दिवस बुडाला. अडीचशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, तीन पानांसाठी. मावशींचे पाय सुजलेले.

कार्यालयात पोचलो. कोपऱ्यात फॅक्स मशीन होतं. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर फायलींचा गठ्ठा. तिथले क्लार्क भले माणूस होते. मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मशीनकडं बोट दाखवलं तर म्हणाले, "अहो, आमचीपण लाइन बदलली. तेव्हापासून धड फॅक्स येतच नाही."

"मग पत्रात फॅक्सने पाठवा असं का लिहिता?"

"मसुदा तोच चालत आलाय, साहेब."

कळलं का काही? मी इकडं सोलापुरात टी.३८ चालू केलं असतं, अगदी अमृताचं पाणी शिंपडलं असतं, तरी ते पान तिथं पोचलं असतं याची खात्री नव्हती. भिंतीवर दार रंगवून ठेवलंय. ते ढकलत बसायचं, उघडलं नाही तर चूक ढकलणाऱ्याची.

आता कमेंटमध्ये काहीजण लिहिणारच, "काय बे, कुठल्या जमान्यात राहतो? फॅक्स कोण वापरतं आता?" त्यांना आधीच सांगतो. मला फॅक्सचा पुळका नाही. गुळगुळीत कागदावरची ती अक्षरं वर्षभरात उडून जायची, म्हणून आलेल्या फॅक्सची आम्ही लगेच झेरॉक्स काढून ठेवायचो. ते यंत्र गेलं तर मी रडणार नाही. पण ज्याला पुरायचंय त्याला रीतसर पुरा. २०१३ च्या जुलैमध्ये तार सेवा बंद केली ना? आधी जाहीर केलं, तारीख दिली, शेवटच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून रांगा लावून तारा केल्या. फॅक्सचं तसं झालं नाही. तार गुपचूप काढली आणि नंबर पत्रांवर तसाच ठेवला.

बाकी जगातही फॅक्सला चिकटून बसलेले आहेत, पण निदान ते निर्णय तरी घेतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेनं २०१९ च्या जानेवारीपासून नवीन फॅक्स मशीन घ्यायला बंदी केली आणि मार्च २०२० अखेर वापर बंद करायची मुदत घातली. फॅक्सवेड्या जपानमध्येसुद्धा २०२१ मध्ये मंत्र्यानं सरकारी खात्यांतले फॅक्स काढायचं मनावर घेतलं. खात्यांनी जोरात विरोध केला. पण वाद उघड्यावर तरी झाला.

आणि हा वाद फक्त म्हातारीच्या पेन्शनचा आहे असं समजू नका. २१ नोव्हेंबर २०१८ ची रात्र आठवा. जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती सरकार स्थापनेचा दावा करणारं पत्र राजभवनाला फॅक्सनं पाठवत होत्या. फॅक्स लागेना. शेवटी त्यांनी पत्र ट्विटरवर टाकलं. त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली. ईदची सुट्टी असल्यानं मशीनवर माणूस नव्हता, असं राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितलं. राजकारण बाजूला ठेवा. एवढ्या मोठ्या माणसांना जिथं "फॅक्स मिळाला नाही" हे ऐकावं लागतं, तिथं शुक्रवार पेठेतल्या मावशींचं काय घेऊन बसलात?

दुसरं उदाहरण. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन देऊनही आग्र्याच्या तुरुंगातले कैदी काही दिवस आतच राहिले. कारण काय, तर आदेशाची प्रत पोचली नाही. न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि ३१ मार्च २०२२ ला 'फास्टर' नावाची यंत्रणा सुरू केली. आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गानं थेट तुरुंगापर्यंत. म्हणजे मनात आणलं तर होतं. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय ईमेलच्या मार्गानं माणसाला तुरुंगातून सोडू शकतं, आणि पुण्याचं एक कार्यालय तीन पानं घेऊ शकत नाही?

कायदा आड येतो म्हणाल तर तेही खोटं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. त्याच्या कलम ४ नं इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी कागदासारखी मान्यता दिली. कलम १२ तर पोच कशी द्यायची हेच सांगतं, आणि ती यंत्रानं आपोआप दिलेली पोचही चालते म्हणतं. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा २००५ च्या कायद्यानं इलेक्ट्रॉनिक मार्गानं करता येतो.

खरी मेख इथंच आहे बघा, पोच. लोक फॅक्सला का धरून होते? त्या 'ओके'च्या चिठ्ठीसाठी. सामान्य माणसाला यंत्राशी घेणं नाही. त्याला हातात पुरावा पाहिजे की मी वेळेत पाठवलं. सरकारी ईमेलवर पाठवलेला कागद विहिरीत दगड टाकल्यासारखा. तळाला गेला की अधांतरी राहिला, कळायची सोय नाही. म्हणून तर लोक अजून हेलपाटे घालून आवक शिक्का मारून घेतात.

म्हणून तीन मागण्या. जास्त नाहीत.

एक. तांब्याची तार काढून फायबर देणाऱ्या प्रत्येक कंपनीनं ग्राहकाला लेखी सांगावं, या लाइनवर फॅक्स चालेल की नाही. टी.३८ ची सोय डब्यात असेल तर मागेल त्याला ती चालू करून द्यावी. "सगळं चालतंय सर" हे उत्तर बंद.

दोन. सोलापुरातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयानं आपल्या पत्रावरचा फॅक्स नंबर एकदा स्वतः फिरवून बघावा. चालत असेल तर मशीनवर माणूस ठेवा. नसेल तर खोडा. एका पेनाचं काम आहे. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही.

तीन. जिथं फॅक्स लिहिलंय तिथं ईमेल लिहा, आणि आलेल्या प्रत्येक ईमेलला आवक क्रमांकासह आपोआप उत्तर गेलं पाहिजे. तेच आजचं 'ओके'.

२०१६ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींच्या यादीत आपलं नाव आलं तेव्हा आपणही फटाके वाजवले होते. नळाला रोज पाणी आलं का, ते तुम्ही जाणता. निदान कागद तरी पोचू द्या.

मावशींचे कागद घेतले गेले. आवक शिक्का मिळाला. येताना गाडीत त्या तो शिक्का दोनदा काढून बघत होत्या. फरकाचे पैसे अजून आलेले नाहीत.

आता तुमचं काम. घरात एखादं सरकारी पत्र असेल तर त्यावरचा फॅक्स नंबर फिरवून बघा. सूर ऐकू येतो, नुसती रिंग जाते, की "हा क्रमांक अस्तित्वात नाही"? कार्यालय आणि निकाल, एवढंच कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव नको, कुणाला शिव्या नकोत. मी यादी करतो आणि ती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. फॅक्सनं पाठवणार नाही. स्वतः जाऊन पोच घेणार.

पटलं तर शेअर करा. आणि अशा मावशी प्रत्येक पेठेत आहेत, तुमच्या गल्लीतल्या मावशींना एकदा विचारा.

– शुक्रवार पेठ, सोलापूर