माळ्यावरची गळाची काठी



दिवाळीआधी घर झाडायला काढले की माळ्यावरून काय काय खाली येते, हे तुम्हाला सांगायला नको. फुटका कंदील, आजोबांचा फेटा, कुणाची तरी मोडकी चरवी. चारठाण्याला तुरीची पाहणी करायला गेलो होतो, तेव्हा एका घरी असाच पसारा ओसरीवर मांडलेला होता. त्यात कापडाची एक लांब, अरुंद पिशवी. आत बांबूचे दोन तुकडे, प्रत्येकी साडेतीन फुटांचे. टोकांना पांढऱ्या धातूच्या नळ्या, एकाला बुचाची मूठ.

मालक म्हणाले, "साहेब, भंगारवाला दोनशे द्यायलाय याचे. देऊन टाकू का?"

मी म्हटले, "थांबा. आधी हे काय आहे ते बघू."

मासे धरायची काठी आपल्याला नवी नाही. पूर्णेच्या काठची पोरे अख्ख्या वेळूच्या काठीला दोरा आणि गळ बांधून बसतात. पण ही काठी तशी नव्हती. तिच्यावरून बोट फिरवले तर गोल लागत नाही. शिसपेन्सिलीसारख्या सहा कडा लागतात. अख्खा बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या तासून तिकोनी करायच्या आणि अशा सहा कामट्या सरसाने एकत्र चिकटवायच्या. बांबूची बळकट साल सगळीकडून बाहेर राहते, आतला मऊ भाग मध्ये जातो. काठी बारीक, पण मोठा मासा ओढत असला तरी वाकते आणि मोडत नाही. अमेरिकेत व इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात ही विद्या वाढली. त्या काळचे साहेब लोक त्या काठ्या घेऊन आपल्या नद्यांवर महाशीर धरायला बसत. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या अधिकाऱ्याने तर भारतातल्या गळाच्या मासेमारीवर १८७३ साली एक जाडजूड पुस्तकच लिहिले.

आता तुम्ही विचाराल, चारठाण्याच्या माळ्यावर ती कशी आली? घरच्या आजींनी सांगितले ते असे. त्यांचे सासरे निजामाच्या राज्यात जिंतूरला कचेरीत कामाला होते. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर एक अधिकारी हैदराबादला परत गेला, जाताना सामान वाटून गेला. त्यात ही पिशवी. सासऱ्यांनी आयुष्यात एकही मासा धरला नाही, पण पिशवी कुणाला हात लावू दिली नाही.

अशा काठीचे वय कसे ओळखावे, ते सांगतो. ही विद्या मी चुकून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींनी मला अशीच काठी दिली होती. मी हौसेने पॉलिश पेपर घेऊन ती घासली आणि वर व्हार्निश मारले. मुठीच्या वर शाईने बारीक अक्षरे लिहिलेली होती, ती घासताना गेली. बनवणाऱ्याचे नाव बहुधा तिथेच लिहिलेले असते, हे मला नंतर कळले. पुढे मिळेल ते वाचले, मुंबईत पवईच्या तलावावर गळ टाकणारी हौशी मंडळी गाठून त्यांना विचारले. तेव्हा पहिली गोष्ट ही की घासू नका, धुऊ नका, रंगवू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा आणि उजेडात न्या.

मग बांबू पाहा. चारठाण्याच्या काठीवर जागोजागी तपकिरी, भाजल्यासारखे डाग होते आणि पेरे ठळक होती. हा बहुधा आपला मानवेल. शास्त्रात त्याला डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणतात. कलकत्त्याच्या बंदरातून तो परदेशी जाई, म्हणून तिकडे त्याचे नाव 'कलकत्ता बांबू' पडले. पाठवण्यापूर्वी तो आगीवर शेकत, त्याचे ते डाग. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या काठ्या याच बांबूच्या. पुढे दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू आला. त्याची पेरे लांब लांब, गाठी कमी उठलेल्या आणि साल जास्त जाड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत त्याने आपल्या मानवेलाला बाजूला सारले. मात्र काही कारागीर टोंकिनलाही मुद्दाम शेकून रंग आणत, म्हणून एकट्या डागावरून निकाल देऊ नका. (जाता जाता: वनेतर जमिनीवरचा बांबू कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून २०१७ साली काढला गेला आहे. बांधावर मानवेल लावायला कचरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

दुसरी खूण रेशमी वेढ्यांची. जुन्या काठीवर बोट-बोट अंतरावर बारीक रेशमी धाग्याचे वेढे असतात. ते शोभेसाठी नव्हेत. तेव्हाचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, पाणी लागले की सुटणारा. म्हणून धाग्याचा आधार. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याला दाद न देणारे कृत्रिम सरस आले आणि वेढे विरळ झाले. नायलॉनचा धागा दिसला तर तो १९३८ नंतरचा. पण तेवढ्यावरून काठी नवी ठरवू नका, कुणी मागाहून दुरुस्ती केलेली असू शकते. चारठाण्याच्या काठीवर एकच कडी हिरव्या नायलॉनने बांधलेली होती, बाकी सगळे रेशीम.

धातूच्या नळ्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या असतात. आत बसणाऱ्या नळीच्या टोकाला खिळ्यासारखी खुंटी असेल तर काठी बरीच जुनी समजावी. दोरा ओवायच्या कड्या सैल, लोंबत्या असतील तर त्याही एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवतात. मुठीच्या तळाशी टोपण असते, त्यावर नाव किंवा पेटंटचा आकडा कोरलेला असतो. इंग्लंडातल्या अॅल्निक गावच्या हार्डी ब्रदर्सचे नाव असेल तर ते घराणे १८७२ चे आणि या धंद्यात फार मोठे. ब्रिटिश पेटंटचे आकडे १९१६ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू होत. त्या वर्षापासून १,००,००१ पासून ते सलग चालू झाले. म्हणजे त्याहून मोठा आकडा दिसला की वस्तू १९१६ नंतरची. आणि काठीला सहा कडाच नसतील, ती गोल आणि पोकळ असेल, तर ती बहुधा फायबर ग्लासची, महायुद्धानंतरची.

आमच्या काठीच्या टोपणावर काहीच नव्हते. शेकलेला बांबू, दाट रेशीम, जर्मन सिल्व्हर, नळीला खुंटी. मी अंदाज दिला, १८९० ते १९२० च्या मधली. त्याहून बारीक सांगणे म्हणजे थाप ठरली असती.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पिशवीला कप्पे तीन आणि तुकडे दोन. शेंड्याचा तुकडा कुठे? सूनबाई आतून म्हणाल्या, "ती बारीक काडी का? ती तर दोडक्याच्या वेलाला लावलीय, आखाडात."

परसात गेलो. वेल चांगला चढला होता, दोडकेही लागले होते. काठी उपटली तर जमिनीतला वीतभर भाग सहा कामट्या होऊन मोकळा झालेला, शेवग्याची शेंग उकलावी तसा. सरस पाण्याने सुटतो म्हणालो, तो असा. सूनबाई ओशाळल्या. आजी म्हणाल्या, "तिला काय ठावं? मी तरी कुठं सांगितलं होतं."

काठीचा खरा भाव सगळे तुकडे शाबूत आणि सारख्या लांबीचे असण्यावर असतो. नाव नसलेली, शेंडा उकललेली काठी लाखात जाणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तुमच्याकडे अशी काही निघाली तर तुम्हीही हुरळून जाऊ नका; कारखान्यांनी साध्या काठ्या पुष्कळ काढल्या होत्या. पण दोनशे रुपयांत भंगारातही घालू नका.

ठेवायची कशी, तेही सांगतो. भिंतीला तिरकी टेकवू नका, ती तशीच वाकून बसते. पिशवीत घालून खुंटीला उभी टांगा, पिशवी कोरडी असावी. ऊन आणि चूल दोन्हींपासून लांब. बांबूला भुंगा लागतो तो त्यातल्या पिष्टासाठी; खाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर लगेच पाहणी करा.

उकललेल्या सहा कामट्या आम्ही सावलीत सुकवल्या, होत्या त्याच क्रमाने लावल्या आणि सुती दोऱ्याने हलक्या बांधून तिसऱ्या कप्प्यात ठेवल्या. जाणता कारागीर मिळाला तर त्या पुन्हा चिकटतील. निघालो तेव्हा भंगारवाला दारात उभा होता. आजींनी त्याला फुटका कंदील दिला. सूनबाई दोडक्याच्या वेलाला पळाटीची काडी लावत होत्या.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी.