पाचोळा जाळण्यापेक्षा वाफ्यात गाडा

पानगळ लागली की हिंगण्यात पाचोळ्याचा धूर ठरलेलाच. घनकचरा नियमांनुसार बागेतला कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे. पण दंडापेक्षा मोठे नुकसान मातीचे होते.

कुजके लाकूड स्पंजासारखे पाणी धरते. युरोपात त्याचा उंच ढीग रचून वाफा करतात. नागपूरच्या ४५ अंशांत तो ढीग सुकून जाईल. फार खोल खड्डाही नको, काळ्या मातीत पावसाचे पाणी साचते. फूटभर खणून तळाशी कुजके ओंडके, त्यावर फांद्या, पाचोळा, भरपूर शेणखत आणि माती घालावी. शेणखतात कंजुषी केली तर कुजणारे लाकूड नत्र ओढते, रोपे पिवळी पडतात. वाळवी येणारच, त्यामुळे वाफा भिंतीपासून लांब हवा. पहिल्या वर्षी भोपळा, दोडका लावावा. मुळा-गाजराला फांद्या आडव्या येतात.