अकरा अक्षरांची घोकंपट्टी

परवा परळीला बहिणीकडे गेलो होतो. थर्मलचं गाव! भाची एका सुरात घोकत होती, "ई एल ई सी टी आर आय सी आय टी वाय, इलेक्ट्रिसिटी!" शाळेत असंच पाठ करून घेतात म्हणे.

मला हे साफ नामंजूर आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण शब्द फोडायला कोण शिकवतं? 'बेजबाबदारपणा' आपण बे, जबाबदार, पणा असा सहज सोडवतो. मग इंग्रजीलाच वेगळा न्याय का?

इलेक्ट्रिक अधिक इटी. उच्चाराचे तुकडे पाच: इ-लेक्-ट्रि-सि-टी. इलेक्ट्रिकमध्ये जोर 'लेक्'वर. 'इटी' लागली की तो तिच्या लगेच आधीच्या 'ट्रि'वर सरकतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो जाणवत नाही. तो सांगावाच लागतो. न सांगता "खेड्यातल्या पोरांचे उच्चारच कच्चे" म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

भाचीला टाळ्या वाजवून पाच तुकडे दाखवले. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मामा, म्हणजे पब्लिसिटीत जोर 'ब्लि'वर?"

हे तिला मी सांगितलं नव्हतं बरं का! असो. तुमच्या घरी काय चालतं?