सोर्स कोडचे पान आणि संपादकाची नजर

सोर्स कोड छपाईसाठी मांडणे हे स्क्रिप्टचे काम आहे, संपादकाचे नव्हे, असे मत साहित्याच्या वर्तुळात सहज व्यक्त होते. आम्हांला ते मान्य नाही.

जॉन लायन्स हे न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक. 1977 साली त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले आणि सोबत मूळ कोडही छापला. पानावर 50 ओळींचे दोन स्तंभ. ओळींना चार अंकी क्रमांक, त्यांतले पहिले दोन अंक पानाचे. अध्याय व ओवी यांच्या आकड्यांवर ज्ञानेश्वरीतील स्थळ शोधणाऱ्यांना ही सोय निराळी समजावून सांगायला नको. (पुढे परवान्याच्या बंधनांमुळे हे भाष्य छायाप्रतींवर जगले, ते रीतसर ग्रंथरूपाने आले 1996 साली. पोथ्यांचा प्रवास याहून फारसा वेगळा नसावा.)

एमआयटीतील अध्यापकांनी 2006 मध्ये ‘एक्सव्ही6’ ही छोटी कार्यप्रणाली शिकवण्यासाठी लिहिली, तेव्हा लायन्स यांचाच नमुना समोर ठेवला. तिची छापील प्रत मात्र स्क्रिप्ट तयार करते. टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालणे, क्रमांक देणे, कोणते नाव कोठे योजले त्याची सूची करणे, ही सारी कष्टाची कामे ती न थकता उरकते. याबद्दल आम्हांला कृतज्ञताच वाटते. शब्दसूची हाताने करणाऱ्यांस तिचे मोल ठाऊक आहे.

परंतु त्या स्क्रिप्टसोबत दोन साध्या याद्या असतात. फाइली कोणत्या क्रमाने छापाव्यात ते एकीत सांगितलेले असते, तर कोणत्या फाइली डाव्या वा उजव्या पानापासून सुरू व्हाव्यात याच्या अटी दुसरीत. एखादे प्रकरण उघडताच दोन्ही पाने एकत्र दिसावीत की नाही, हे स्क्रिप्टला कसे उमगणार? ते कोणा वाचकाने ठरवले आहे. स्क्रिप्ट केवळ ती अट पाळली गेली का ते तपासते.

पायथॉनमध्ये तर समासापासूनचे अंतर हाच व्याकरणाचा भाग. तेथे अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरने सरळ अवतरणचिन्हे ‘सुबक’ वळणदार केली किंवा ओळीचे अंतर बदलले, की पान देखणे राहते आणि कोड चालत नाही.

आमच्या अभ्यासक्रमांत मुद्रितशोधन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासणे, एवढाच अर्थ उरला आहे. पाठचिकित्सेच्या तासाला लायन्स यांची पाने विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत, अशी आमची सूचना आहे. संगणकाच्या विभागातील सहकारी सोबत आले तर उत्तमच.